किती दिवस झाले? : गुप्तरोगाच्या भीतीचा पाचशे वर्षांचा इतिहास

दुपारी दीडच्या सुमारास ओपीडी संपत येते. कंपाउंडर खुर्च्या सरकवायला लागतो. अशा वेळी एखादा तरुण आत येतो. त्याने मुद्दामच सगळ्यात शेवटचा नंबर घेतलेला असतो. केसपेपरवर तक्रार असते ‘अशक्तपणा’ किंवा ‘लघवीला जळजळ’. खुर्चीवर बसल्यावर तो आधी दाराकडे बघतो.

“सर, दार लावू काय?”

दार लागतं. मग मान खाली घालून एक वाक्य येतं. “सर, एक डाव चूक झाली. मले एड्स तं नाही झाला ना?”

पारशिवनीत प्रॅक्टिस करताना हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता फक्त बोलणारा बदलतो. कधी तो कोळसा खाणीतल्या ठेकेदाराचा माणूस असतो, कधी हायवेवरचा ड्रायव्हर, कधी नागपूरला शिकणारा कॉलेजचा मुलगा. कधी एखादी बाई येते, पण ती एवढंही बोलत नाही. ‘अंगावरून पांढरं जातं’ एवढंच सांगते आणि बाकीचं मी समजून घ्यावं अशी तिची अपेक्षा असते. (इथे सांगितलेल्या सगळ्या रुग्णांचे तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत.)

यातला एक तरुण मला विसरता येत नाही. एकदाच, निरोध न वापरता संबंध आला होता. त्यानंतर दीड वर्षात त्याने सात वेळा एचआयव्हीची तपासणी केली होती, प्रत्येक वेळी वेगळ्या लॅबमध्ये आणि वेगळ्या नावाने. सातही रिपोर्ट निगेटिव्ह होते. ते सगळे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्याने माझ्या टेबलावर ठेवले आणि विचारलं, “मशीन चुकली असन तं?”

त्या दिवशी मला जाणवलं की या मुलाला जंतूंनी पछाडलेलं नाही. त्याला जे पछाडलंय ते फार जुनं आहे. आज त्याच जुन्या गोष्टीबद्दल लिहायचं ठरवलं आहे. या भीतीचा इतिहास एकदा माहीत झाला की तिच्याशी बोलणं सोपं होतं.

आजार आला, आणि लगेच दोष शोधला गेला

१४९४-९५ मध्ये फ्रान्सच्या राजाचं सैन्य इटलीतल्या नेपल्सवर चालून गेलं. त्या मोहिमेत एका भयंकर रोगाची साथ पसरली. आधी गुप्तांगावर जखम, मग अंगभर फोड आणि हाडं ठणकणं. हाच सिफिलिस. कोलंबसच्या खलाशांनी तो अमेरिकेतून आणला, की तो युरोपात आधीपासूनच होता, यावर इतिहासकारांचा वाद अजून संपलेला नाही.

नाव ठेवण्याच्या बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत होतं. नाव दुसऱ्याचं द्यायचं. इटलीचे लोक त्याला ‘फ्रेंच रोग’ म्हणू लागले, फ्रेंच त्याला ‘नेपल्सचा रोग’ म्हणू लागले आणि रशियात तो ‘पोलिश रोग’ झाला. ‘सिफिलिस’ हा शब्द १५३० मध्ये फ्राकास्तोरो या इटालियन वैद्याच्या काव्यातून आला. त्यातल्या सिफिलस नावाच्या मेंढपाळाला देवाचा अपमान केल्याची शिक्षा म्हणून हा रोग होतो. म्हणजे नावातच शिक्षा आहे.

आपल्याकडे वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला आणि १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात भावमिश्रांनी एका नव्या रोगाचं वर्णन केलं आणि त्याला नाव दिलं ‘फिरंग’. फिरंग्यांच्या संसर्गाने होणारा तो फिरंग रोग. ‘उपदंश’ हा शब्द जुन्या ग्रंथांत आधीपासून होता, पण हा रोग वेगळा आहे हे भावमिश्रांनी ओळखलं. बाहेरच्या त्वचेपुरता, आत सांध्यांपर्यंत गेलेला आणि दोन्हीकडे पसरलेला असे त्याचे तीन प्रकारही सांगितले. सूक्ष्मदर्शक नसलेल्या काळात केलेलं हे निरीक्षण आहे, आणि एक डॉक्टर म्हणून मला त्याचं कौतुक वाटतं.

पण भारतीय वैद्यानेही नाव दुसऱ्याचंच दिलं, हेही खरं. रोग बाहेरून येतो, वाईट माणसाकडून येतो, आणि ज्याला होतो तो त्या वाईटात सामील असतो, ही समजूत तेव्हापासून आजाराच्या नावाला चिकटली. पुढे मराठीत सिफिलिसला ‘गरमी’, गनोरियाला ‘परमा’ आणि जांघेत येणाऱ्या गाठीला ‘बद’ म्हणू लागले. ‘गुप्तरोग’ हा शब्द या सगळ्यांवर पांघरूण घालतो. रोग गुप्त जागेचा आहे म्हणून तो गुप्त ठेवायचा.

औषध रोगापेक्षा जड

भावमिश्रांनी फिरंगावर रसकर्पूर, म्हणजे पाऱ्याचं औषध, आणि चोपचिनी सांगितली. चोपचिनीबद्दल गोव्यातही लिहिलं गेलं. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं, त्यात या मुळावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. युरोपातही मुख्य उपाय पाराच होता. पाऱ्याने तोंडातून लाळ गळायची, हिरड्या सुजायच्या, दात हलायचे. लाळ गळणं ही औषध ‘लागू पडल्याची’ खूण मानली जायची.

जवळजवळ चारशे वर्षं हे असंच चाललं. कोणतीही तपासणी नव्हती. सिफिलिसची पहिली जखम दुखत नाही आणि औषध न घेताही काही आठवड्यांत भरून येते, पण जंतू आतच राहतात. त्यामुळे आपण बरे झालो की रोग आत दडलाय, हे कळायला कोणताही मार्ग नव्हता. ‘जखम गेली, पण विष अंगात आहे’ ही भीती त्या काळी चूक नव्हती. ती खरी होती. आज रिपोर्ट निगेटिव्ह असतानाही जो माणूस म्हणतो ‘पण आत काही असेल तर?’, तो नकळत त्या काळातली भाषा बोलत असतो.

कामठीची छावणी आणि कायद्याचं कुलूप

आमच्या पारशिवनीपासून जवळच, कन्हान नदीच्या काठी कामठी आहे. १८२१ मध्ये इंग्रजांनी तिथे छावणी वसवली. छावणी आली की बाजार येतो, आणि बाजारासोबत देहविक्रयही येतो. इंग्रज सरकारला काळजी होती ती गोऱ्या शिपायांची, कारण ते मोठ्या संख्येने गुप्तरोगाने आजारी पडत होते.

यावर सरकारने काढलेला उपाय पाहा. १८६४ च्या छावणी कायद्याने देशभरच्या छावण्यांत वेश्यांची नोंदणी आणि तपासणी सुरू झाली. १८६८ मध्ये सांसर्गिक रोगांचा कायदा आला आणि हीच पद्धत शहरांत नेण्याची सोय झाली. मुंबईत तो १८७० मध्ये लागू झाला. ज्या बाईला रोग आहे असं तपासणीत ठरेल तिला ‘लॉक हॉस्पिटल’ मध्ये डांबून ठेवत. हे नाव लंडनच्या एका जुन्या रुग्णालयावरून आलेलं, पण इथल्या बायकांसाठी त्याचा अर्थ कुलूप असाच होता. नोंदणी बाईची, सक्तीची तपासणी बाईची, कैदही बाईची. तिच्याकडे येणाऱ्या पुरुषाची मात्र अशी नोंदणी नाही की कैद नाही.

वैद्यकीय दृष्टीनेही ही पद्धत कुचकामी होती. तपासणी नुसत्या डोळ्यांनी व्हायची. गनोरिया असलेल्या कित्येक बायकांना कसलंच लक्षण नसतं, त्यामुळे त्या ‘निरोगी’ ठरायच्या. साधं पांढरं जाणारी बाई ‘रोगी’ ठरून आत जायची. आणि पोलिसांच्या भीतीने ज्या बायका लपल्या त्यांच्यापर्यंत कोणताच डॉक्टर पोहोचला नाही. इंग्लंडमध्ये जोसेफिन बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कायद्यांविरुद्ध मोठी चळवळ केली. भारतातला कायदा १८८८ मध्ये रद्द झाला. १८९५ मध्ये भारतातल्या गोऱ्या सैन्यात दर हजार शिपायांमागे पाचशेहून जास्त वेळा गुप्तरोगासाठी दवाखान्यात भरती झाल्याची नोंद आहे. काही लोकांनी त्याचं खापर कायदा रद्द करण्यावर फोडलं. पण कायदा लागू असतानाही रोग आटोक्यात आलेला नव्हता.

सार्वजनिक आरोग्यात हा धडा आम्हाला पुन्हा पुन्हा शिकावा लागला आहे. भीतीने माणूस तपासणीला येत नाही, तो लपतो. आणि लपलेल्या माणसाकडून रोग पसरतो.

जंतू दिसला

याच सुमारास तीसेक वर्षांत सगळं बदललं. १८७९ मध्ये नायसर यांनी गनोरियाचा जंतू शोधला. १९०५ मध्ये शाउडिन आणि हॉफमन यांना बर्लिनमध्ये सिफिलिसचा मळसूत्रासारखा जंतू दिसला. १९०६ मध्ये वासरमन यांनी रक्ताची तपासणी आणली आणि १९१० मध्ये एर्लिख यांचं ‘साल्व्हर्सान’ हे औषध बाजारात आलं. आता पहिल्यांदाच माणसाला सांगता येणार होतं की तुझ्या रक्तात खूण आहे किंवा नाही.

पण हे सांगायचं कोणी? आणि कोणत्या भाषेत? महाराष्ट्रात हे काम एका गणिताच्या प्राध्यापकाने अंगावर घेतलं.

र. धों. कर्वे : वाचकांची पत्रं आणि कोर्ट

रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. संततिनियमनासाठी ते सगळ्यांना माहीत आहेत, पण १९२३ मध्ये त्यांनी ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हे पुस्तकही लिहिलं, हे कमी लोकांना माहीत असतं. शंभर वर्षांपूर्वी मराठीत, नावातच ‘बचाव’ हा शब्द ठेवून. त्या काळात या विषयावर बोलणारे बहुतेक लोक पाप आणि संयम या दोनच शब्दांत बोलत होते.

या विचारांमुळे त्यांना विल्सन कॉलेजमधली नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं. नोव्हेंबर १९५३ पर्यंत, म्हणजे त्यांचं निधन झालं त्यानंतरच्या महिन्यापर्यंत, ते निघत राहिलं. घरात पैसा नाही, वर्गणीदार मोजके, तरी सव्वीस वर्षं अंक निघाला.

या मासिकात वाचकांच्या खासगी प्रश्नांना उत्तरं दिली जात. १९३४ मध्ये अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. प्रश्न होते हस्तमैथुनाबद्दल आणि समलिंगी संबंधांबद्दल. कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वाचक प्रामाणिकपणे विचारत असतील तर त्यांना शास्त्रीय उत्तर का देऊ नये, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. खटला ते हरले आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. त्याआधी १९३१ च्या खटल्यातही त्यांना १०० रुपये दंड झालेला होता.

मी डॉक्टर आहे, वकील नाही. पण या खटल्याचा विचार करताना मला माझ्या ओपीडीचं बंद दार आठवतं. ‘मला काही झालं तर नाही ना?’ एवढाच त्या वाचकांचा प्रश्न असणार. त्याचं साधं उत्तर देणं हा १९३४ मध्ये गुन्हा ठरला. ज्या समाजात उत्तर देणं गुन्हा ठरतं, तिथे भीती पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

पिंपरीचं पेनिसिलिन आणि भिंतीवरची जाहिरात

१९४३ मध्ये अमेरिकेत डॉ. जॉन माहोनी यांनी सिफिलिसच्या चार रुग्णांना पेनिसिलिन दिलं आणि ते बरे झाले. चारशे वर्षांचा पारा संपला. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार व्हायला लागलं. ज्या रोगाने राजे वेडे झाले असं सांगत, त्यावरचं औषध आता महाराष्ट्रातच बनत होतं.

गंमत म्हणजे याच १९५४ मध्ये औषधं आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा केंद्रीय कायदाही आला. गुप्तरोगावरच्या औषधांची जाहिरात करायला त्याने मनाई केली. तो कायदा आजही लागू आहे. आणि एसटी स्टँडच्या मुतारीत, रेल्वेच्या भिंतीवर, आता मोबाईलवर ‘गुप्तरोग, धातुरोग, शर्तिया इलाज’ ही जाहिरातही आजही आहे.

म्हणजे औषध आलं, कायदा आला, तरी भीती गेली नाही, कारण भीतीवर कित्येकांची दुकानं चालतात. त्यातला माणूस रोगाचं नाव सांगत नाही, तपासणी करत नाही. ‘जवानीत चूक झाली का?’ असं विचारतो. होय म्हणणाऱ्याला कितीही महाग पुडी विकता येते. लघवीतून किंवा स्वप्नात ‘धातू’ जाते या भीतीने खंगलेले तरुण इतके दिसत होते की डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० मध्ये त्याचं ‘धात सिंड्रोम’ म्हणून वर्णन केलं. त्या मुलांना जंतूंचा आजार नव्हता. त्रास मात्र अगदी खरा होता.

एड्स : जुनी गोष्ट पुन्हा

१९८१ मध्ये अमेरिकेत एड्सचे पहिले रुग्ण नोंदले गेले. भारतात १९८६ मध्ये चेन्नईत पहिल्यांदा एचआयव्हीची लागण आढळली. सुरुवातीला औषध नव्हतं. आम्ही मेडिकलला शिकत होतो तेव्हा या आजाराबद्दल शिकवताना सरही आवाज खाली आणत.

१९८९ मध्ये गोव्यात काय झालं ते वाचलं की कामठीच्या काळातली छावणी आठवते. डॉमिनिक डिसूझा हा तरुण नियमित रक्तदान करायचा. त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला. पोलीस त्याला घेऊन गेले आणि गोव्याच्या आरोग्य कायद्याखाली त्याला एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकटं कोंडून ठेवलं. त्याने कोणताही गुन्हा केलेला नव्हता. त्याच्या आईने हायकोर्टात दाद मागितली. पुढे १९९२ मध्ये तो गेला, पण रुग्णांच्या हक्कांची लढाई त्याने मागे ठेवली.

मग चित्र हळूहळू पालटलं. १९९२ मध्ये पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीची औषधं मोफत मिळू लागली. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, तुमच्या संमतीशिवाय तपासणी करायला आणि तुमचा रिपोर्ट दुसऱ्याला सांगायला मनाई केली. १८६८ च्या कायद्यात सक्ती होती, २०१७ च्या कायद्यात संमती आहे. त्या दोन शब्दांच्या मध्ये दीडशे वर्षं गेली.

आज एचआयव्हीची औषधं रोज घेणारा, रक्तात विषाणू सापडत नाही इतका कमी झालेला माणूस संबंधातून दुसऱ्याला लागण देत नाही. सर्वसाधारण माणसाइतकं आयुष्य तो जगू शकतो. माझ्याकडे असे रुग्ण बीपीची गोळी घ्यायला येतात आणि पाऊस किती झाला यावर बोलून जातात.

माझी एक चूक

इतिहासातल्या लोकांना दोष देणं सोपं असतं, म्हणून माझंही सांगतो. नवीन डॉक्टर होतो. एका ट्रकड्रायव्हरने न दुखणारी जखम दाखवली. मी त्याला रक्त तपासायला सांगितलं, पण त्याआधी दहा मिनिटं भाषण दिलं. घरी बायको असताना असं कसं वागतोस, लाज नाही वाटत का, वगैरे. त्याने मान डोलावली आणि गेला. रक्त तपासलं नाही, इंजेक्शन घेतलं नाही, परत आलाही नाही. जखम आपोआप भरली असणार, आणि बरं झालं असं त्याला वाटलं असणार.

वर्षभराने त्याची बायको माझ्याकडे आली. आठव्या महिन्यात मेलेलं बाळ जन्माला आलं होतं. तिची व्हीडीआरएल पॉझिटिव्ह होती. एका इंजेक्शनने नवरा बरा झाला असता. त्याला रोगाने नाही, माझ्या भाषणाने दारातून बाहेर काढलं. त्यानंतर मी त्या खुर्चीवरच्या माणसाला ‘कोणासोबत?’ किंवा ‘का?’ असं रागाने कधीच विचारलं नाही. पहिला प्रश्न एकच विचारतो. किती दिवस झाले?

हा प्रश्न का महत्त्वाचा आहे

भावमिश्रांकडे, कामठीच्या लष्करी डॉक्टरांकडे जे नव्हतं ते आज तुमच्याकडे आहे. ते म्हणजे कॅलेंडर. म्हणून तारीख मोजा आणि त्याप्रमाणे वागा.

• ७२ तासांच्या आत असाल तर घाबरत बसू नका, निघा. लागण टाळण्यासाठी २८ दिवसांची औषधं असतात. जितक्या लवकर सुरू होतील तितकं चांगलं, आणि ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नसतो. नागपूरला मेडिकल किंवा मेयोच्या एआरटी केंद्रात जा, किंवा जवळच्या डॉक्टरला आजच भेटा. ती गरजेची आहेत की नाहीत हे डॉक्टर ठरवतील. लाजेत गेलेले तीन दिवस परत मिळत नाहीत.

• पहिल्या दोन आठवड्यांत लघवीतून पू येणं, जळजळ, दुखरे फोड यांकडे लक्ष ठेवा. परमा बहुधा याच काळात दिसतो. बायकांमध्ये तो गुपचूप राहू शकतो, म्हणून जोडीदारालाही तपासायला सांगा.

• तीन आठवड्यांच्या आसपास न दुखणारी जखम आली तर ती सिफिलिसची असू शकते. ती १० ते ९० दिवसांत कधीही येऊ शकते. जखम भरली म्हणून रोग गेला असं समजू नका.

• ४५ दिवसांनंतर लॅबमधली चौथ्या पिढीची एचआयव्ही तपासणी निगेटिव्ह आली तर ती खात्रीची. बोटातून रक्त घेऊन केलेल्या साध्या तपासणीसाठी ९० दिवस थांबा. ९० दिवसांनी व्हीडीआरएलही करा. व्हीडीआरएल किंचित पॉझिटिव्ह आली तर लगेच खचू नका. मलेरिया, कुष्ठरोग, गरोदरपण यांतही ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. टीपीएचए करून खात्री करतात.

• हिपॅटायटिस बी ची लस घेतली नसेल तर आता घ्या.

आता थोडं गणित, कर्वे मास्तरांच्या आठवणीसाठी. समोरची व्यक्ती एचआयव्हीबाधित आहे, औषधावर नाही आणि निरोध वापरलेला नाही, असं सगळं वाईटात वाईट धरलं तरी एका योनीसंभोगातून पुरुषाला लागण होण्याची शक्यता दहा हजारांत सुमारे चार असते, आणि स्त्रीला सुमारे आठ. गुदसंभोगात घेणाऱ्या जोडीदाराला ती बरीच जास्त असते, दहा हजारांत सुमारे १३८. दोघांपैकी कोणाला जखम असेल तर धोका वाढतो. चुंबन, मिठी, एकाच ताटात जेवण, शौचालय यांतून लागण होत नाही. शक्यता शून्य नाही, म्हणून तपासणी करायची. पण ती तुम्हाला रात्री तीन वाजता वाटते तेवढी मोठीही नाही. उलट परमा आणि सिफिलिस कितीतरी सहज लागतात, आणि त्यांची आठवण कोणालाच नसते.

आणि एक सांगतो. भीतीचीही लक्षणं असतात. दिवसातून दहा वेळा आरशात बघितलं की जन्मापासूनचे बारीक दाणे ‘नवीन’ दिसतात. सतत दाबून बघितलं की जागा लाल होते. झोप उडते, भूक जाते, वजन उतरतं, आणि वजन उतरलं की एड्सची खात्री पटते. निगेटिव्ह रिपोर्टनंतरही हे थांबत नसेल तर पुढची तपासणी रक्ताची नको. मनाच्या डॉक्टरला भेटा. त्यातही लाजण्यासारखं काही नाही.

ग्रामीण रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन मोफत असतं. मोठ्या सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ मध्ये गुप्तरोगांचे उपचारही मोफत होतात. तिथे जायचा धीर होत नसेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर बोला. मेडिकल स्टोअरमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. परम्याचा जंतू एकामागून एक औषधांना दाद देईनासा झालाय, तो अशाच अर्धवट डोसांमुळे. आणि रोग निघाला तर जोडीदाराला सांगून दोघांनी औषध घ्या. हे सर्वांत अवघड काम आहे, त्यासाठी डॉक्टरची मदत मागा.

त्या सात रिपोर्टवाल्या मुलाचं काय झालं? मी त्याच्या पिशवीतले रिपोर्ट टेबलावर तारखेप्रमाणे लावले. पहिला बाराव्या दिवसाचा होता, तो लवकर केलेला, म्हणून बाजूला ठेवला. दुसरा शंभराव्या दिवसाचा होता. त्यावर बोट ठेवून म्हणालो, “तुझं उत्तर इथेच मिळालं होतं. पुढचे पाच तू रोगासाठी नाही, स्वतःला माफ करण्यासाठी केले. त्याची मशीन नसते.”

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, “मग लग्नाला हो म्हणू काय सर?”

“म्हण,” मी म्हणालो. “आणि निरोध कसा वापरायचा ते नीट शिकून जा.”

जाताना त्याने दार उघडं ठेवलं.